विश्लेषण : गळा बेताचा, तरी मुकेश यांची गाणी कशी झेपतात? कराओकेसाठी गाणे कसे निवडावे?

सोसायटीचा वर्धापन दिन, कोजागरी, कार्यालयातला निरोप समारंभ किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची संध्याकाळ. कराओकेचा माइक फिरू लागला, की सुरांशी फारसे सख्य नसलेले पुरुष बहुधा एकाच गायकाकडे वळतात. तो गायक म्हणजे मुकेश. त्यांचे निधन १९७६ मध्ये झाले. त्यांच्यापेक्षा तयारीचे, जास्त गाणी गायलेले गायक हिंदी चित्रपटसृष्टीत होते. तरीही ‘मला गाता येत नाही’ म्हणणाऱ्यांचा आधार मुकेशच का? याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते. कराओकेसाठी गाणे कसे निवडावे, हेही त्यातूनच कळते.

कराओकेत गाणे नेमके कुठे फसते?

गाणे फसते ते बहुतेक वेळा निवडीतच. आपण गाणे निवडतो ते आवडीने आणि मुखड्यावरून. मुखडा सहसा मधल्या सुरांत असतो, त्यामुळे तो गुणगुणताना काही अडत नाही. अडते ते अंतऱ्यात. सूर वर चढतो, गळा दाटतो, श्वास संपतो आणि ट्रॅक मात्र कोणासाठी थांबत नाही.

गाण्याची तालीम नसलेल्या माणसाचा आवाज साधारण एक ते दीड सप्तकात आरामात फिरतो. त्यापलीकडे ताण पडतो. तेव्हा सोपे गाणे म्हणजे प्रसिद्ध गाणे नव्हे आणि संथ गाणेही नव्हे. ज्याचा सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर तुमच्या गळ्याच्या कक्षेत मावतो, ज्यात श्वास घ्यायला जागा आहे आणि एका अक्षरावर फार सूर फिरवावे लागत नाहीत, ते गाणे सोपे. या तिन्ही कसोट्यांवर मुकेश यांची बरीच गाणी उतरतात. हा योगायोग नाही.

मुकेश कोण होते?

मुकेशचंद माथूर यांचा जन्म २२ जुलै १९२३ रोजी दिल्लीत झाला. वडील जोरावरचंद माथूर अभियंता होते. दहा भावंडांत मुकेश सहावे. घरात मोठ्या बहिणीला गाणे शिकवायला शिक्षक येत. शिकवणी बहिणीची, पण शेजारच्या खोलीत बसून ऐकायचा तो मुकेश. ते दहावीनंतर पुढे शिकले नाहीत. दिल्लीत सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी काही काळ नोकरी केली. तिथेच ते आपला आवाज ध्वनिमुद्रित करून पाहत असत, असे सांगितले जाते.

बहिणीच्या लग्नात ते गायले. पाहुण्यांत दूरचे नातेवाईक आणि त्या काळचे नामांकित अभिनेते मोतीलाल होते. त्यांना हा आवाज आवडला. ते मुकेश यांना मुंबईत घेऊन आले, आपल्या घरी ठेवून घेतले आणि पंडित जगन्नाथ प्रसाद यांच्याकडे त्यांच्या शिकवणीची सोय केली. म्हणजे मुकेश काहीच शिकले नव्हते, हा समज खरा नाही. ते उशिरा शिकले आणि कमी शिकले, इतकेच.

मुंबईत ते आले ते मुख्यतः नट होण्यासाठी. १९४१ च्या ‘निर्दोष’ चित्रपटात नलिनी जयवंत यांच्यासोबत त्यांनी काम केले, त्यात गायलेही. चित्रपट चालला नाही. पुढची चार वर्षे त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

सैगल यांची छाया कशी पडली आणि कशी सुटली?

त्या काळात गाणारा प्रत्येक तरुण कुंदनलाल सैगल होऊ पाहत होता. मुकेशही त्याला अपवाद नव्हते. १९४५ मध्ये ‘पहली नजर’ आला. संगीतकार अनिल विश्वास यांनी मुकेश यांच्याकडून एक गाणे गाऊन घेतले आणि पडद्यावर ते मोतीलाल यांच्यावर चित्रित झाले. गाणे कमालीचे गाजले. पण ते इतके सैगलसारखे होते, की अनेकांना गायक सैगलच वाटले. खुद्द सैगल यांनाही हे गाणे आपण कधी गायलो, असा प्रश्न पडल्याचा किस्सा आजही सांगितला जातो.

ही दाद जितकी मोठी, तितकीच धोक्याची होती. मूळ गायक हयात असताना त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला किती दिवस काम मिळणार? १९४७ च्या जानेवारीत सैगल गेले. नक्कल चालू ठेवली असती, तर मुकेश आयुष्यभर त्यांची आठवण करून देणारा आवाज म्हणूनच उरले असते.

इथे संगीतकार नौशाद यांची भूमिका महत्त्वाची ठरली. ‘मेला’ आणि ‘अनोखी अदा’ (१९४८), त्यानंतर ‘अंदाज’ (१९४९) या चित्रपटांतून त्यांनी मुकेश यांना सैगल यांच्या वळणातून बाहेर काढले. ‘अंदाज’मध्ये मुकेश यांचा आवाज दिलीपकुमार यांना होता, तर राज कपूर यांच्यासाठी मोहम्मद रफी गायले. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात जे समीकरण पक्के झाले, त्याच्या नेमके उलट!

नक्कल सोडल्यावर उरला तो त्यांचा स्वतःचा आवाज. किंचित अनुनासिक, थोडा खालच्या पट्टीतला, फार वर न जाणारा, पण शब्द थेट पोहोचवणारा.

मग ते राज कपूर यांचा आवाज कसे झाले?

राज कपूर यांच्या दिग्दर्शनातील पहिल्या ‘आग’ (१९४८) मध्ये राम गांगुली यांच्या संगीतात मुकेश गायले. पुढच्याच वर्षी ‘बरसात’मधून शंकर-जयकिशन ही जोडी आली. शैलेंद्र आणि हसरत जयपुरी यांचे शब्द, शंकर-जयकिशन यांच्या चाली, पडद्यावर राज कपूर आणि मागे मुकेश, अशी चौकट जमली.

राज कपूर यांचा नायक साधा, फाटका, जगाकडून मार खाऊन हसणारा होता. त्याच्या तोंडी फिरतीची तान शोभली नसती. रस्त्याने जाणारा माणूस स्वतःशीच गुणगुणतो आहे, असे वाटायला हवे होते. मुकेश यांचा आवाज त्यासाठी बरोबर होता. ‘आवारा’ (१९५१) चे शीर्षकगीत सोव्हिएत संघातही तुफान लोकप्रिय झाले. हिंदीचा गंध नसलेले लोक ते गुणगुणू लागले. चाल तोंडात बसण्याइतकी सोपी असल्याशिवाय हे घडत नाही.

कारकीर्द मध्येच का अडखळली?

नाव झाल्यावर मुकेश पुन्हा अभिनयाकडे वळले. १९५१ मध्ये त्यांनी ‘मल्हार’ची निर्मिती केली. १९५३ च्या ‘माशूका’मध्ये ते सुरैया यांच्यासमोर नायक होते. हा चित्रपट करताना बाहेरची गाणी न घेण्याची अट त्यांच्यावर होती, असे सांगितले जाते. त्याच वर्षी राज कपूर यांच्या ‘आह’मध्ये ते टांगेवाल्याच्या छोट्या भूमिकेत दिसले. १९५६ मध्ये ‘अनुराग’ची निर्मिती, अभिनय आणि संगीत अशी तिहेरी जबाबदारी त्यांनी घेतली.

नायक म्हणून त्यांचा एकही चित्रपट चालला नाही. पैसा गेला आणि दरम्यान पार्श्वगायनातली जागाही निसटू लागली. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये मुकेश यांचे जपानी बुटाचे गाणे गाजले, पण त्याच चित्रपटात राज कपूर यांच्यासाठी मन्ना डे यांचाही आवाज ठळकपणे वापरला गेला. घरी पत्नी आणि मुले होती. १९४६ मध्ये, आपल्या २३ व्या वाढदिवशी, त्यांनी सरल त्रिवेदी यांच्याशी मुलीच्या घरच्यांच्या विरोधात जाऊन मंदिरात लग्न केले होते. मदतीला पुन्हा मोतीलालच होते. आता त्या संसाराची ओढाताण सुरू झाली. तिशी ओलांडलेल्या मुकेश यांना जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

पुनरागमन कशामुळे झाले?

१९५८ हे वर्ष त्यांच्यासाठी निर्णायक ठरले. शंकर-जयकिशन यांचा ‘यहूदी’, सलिल चौधरी यांचा ‘मधुमती’ आणि दत्ताराम यांचा ‘परवरिश’ असे तीन चित्रपट त्या वर्षी आले. तिन्हींतील मुकेश यांची गाणी आजही ऐकली जातात. यातले दत्ताराम म्हणजे मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशन यांचे सहायक असलेल्या दत्ताराम यांचा ढोलकीचा ठेका वादकांमध्ये आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढच्या वर्षी हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाड़ी’ आला. त्यातील गाण्यासाठी मुकेश यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तेव्हा पार्श्वगायनासाठी स्त्री-पुरुष मिळून एकच पुरस्कार होता. पहिला लता मंगेशकर यांना मिळाला, दुसरा मुकेश यांना. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले पुरुष गायक. रफी, मन्ना डे, तलत महमूद, हेमंतकुमार असे गायक भरात असताना मर्यादित गळ्याच्या गायकाला तो मिळाला, हे लक्षात घ्यायला हवे. नंतर ‘पहचान’ (१९७०), ‘बेईमान’ (१९७२) आणि ‘कभी कभी’ (१९७६) मिळून त्यांच्या नावावर चार फिल्मफेअर पुरस्कार जमा झाले. ‘रजनीगंधा’ (१९७४) मधील गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या गाण्यात नायिकेच्या मनातला गोंधळ पुरुषाच्या आवाजात ऐकू येतो आणि तरी तो खटकत नाही.

त्यांची गाणी सोपी का वाटतात?

मुकेश यांच्यावर आक्षेपही कमी नव्हते. वरच्या सुरांत आवाज कातरा होतो, सूर कधी निसटतो, अवघड हरकती जमत नाहीत, ही टीका त्यांच्या हयातीतच होत असे. चांगल्या संगीतकारांनी या मर्यादा ओळखल्या आणि त्यांच्या आत चाली बांधल्या.

म्हणून मुकेश यांच्या बहुतेक गाण्यांत चाल मधल्या सप्तकात फिरते. एका अक्षराला बहुधा एकच सूर असतो. ओळ संपली, की वाद्यमेळ ती उचलून धरतो आणि गायकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. लय मध्यम असते, शब्द बोलल्यासारखे येतात. तुलसीदासांचे ‘रामचरितमानस’ त्यांनी ध्वनिमुद्रिकांसाठी गायले, तेही याच गुणामुळे घराघरांत पोहोचले. त्यात गायकी मिरवण्यापेक्षा अर्थ सांगण्यावर भर आहे.

थोडक्यात, मुकेश गाण्यापर्यंत उड्या मारत गेले नाहीत. गाणे त्यांच्यापर्यंत आणले गेले.

याचा कराओकेशी काय संबंध?

संबंध थेट आहे. कराओकेच्या जन्मकथेतही हेच सूत्र आहे. १९७०च्या सुमारास जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हे वादक क्लबमध्ये हौशी ग्राहकांना साथ करत. ग्राहक गाताना चुकला, की ते वादन त्याच्याप्रमाणे वळवून घेत. अशाच एका ग्राहकाला सहलीत गायचे होते. इनोउए यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्याला मानवेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्यांचे यंत्र आले. न गाता येणाऱ्याला सांभाळून घेणारी साथ हीच मूळ कल्पना होती. आज ते काम मोबाइलमधले ‘स्केल’ किंवा ‘पिच’चे बटण करते.

स्केल कसे ठरवायचे?

- आधी अंतरा गाऊन पाहा. गाण्यातला सर्वात वरचा सूर ओरडल्याशिवाय लागतो का, ते तपासा. त्यानंतर सर्वात खालचा सूर ऐकू येण्याइतका निघतो का, ते पाहा.
- वरचा सूर लागत नसेल, तर ट्रॅक एकेक पायरीने खाली आणा. ॲपमधली एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. त्यात कंपनसंख्या सुमारे ६ टक्क्यांनी बदलते. जुन्या टेपवर पट्टी उतरवली, की गाण्याची गतीही मंदावायची. डिजिटल ट्रॅकमध्ये गती तीच ठेवून फक्त पट्टी बदलता येते.
- दोन-तीन पायऱ्यांचा बदल सहसा खटकत नाही. त्याहून जास्त बदल केल्यास वाद्यांचा आवाज कृत्रिम वाटू शकतो. अशा वेळी वेगळ्या पट्टीत तयार केलेला ट्रॅक शोधावा. अनेक ट्रॅकच्या नावातच स्केल लिहिलेले असते.
- पुरुषाने गायलेले गाणे बाईंना गायचे असेल, तर साधारण चार ते सहा अर्धस्वरांचा फरक पडतो. वर न्यायचे की खाली, हे पुन्हा अंतऱ्यातल्या वरच्या सुरावरून ठरवा.
- ट्रॅक ब्लूटूथ स्पीकरवर असेल, तर आवाज किंचित उशिरा येतो आणि स्क्रीनवरील शब्दांशी मेळ बसत नाही. फोनवर गाणे रेकॉर्ड करताना वायरचा इअरफोन बरा.

मुकेश यांची कोणती गाणी आधी घ्यावीत, कोणती नंतर?

सगळी गाणी सारखी सोपी नाहीत. सुरुवातीला ठेक्याची, सर्वांच्या तोंडी असलेली गाणी घ्यावीत. ‘श्री ४२०’मधले जपानी बुटाचे गाणे किंवा ‘छलिया’ (१९६०) मधले ‘डम डम डिगा डिगा’ अशी गाणी समूहात खपून जातात. चाल लहान टप्प्यात फिरते आणि श्रोतेच साथ देऊ लागतात. सूर थोडा हलला, तरी ठेका सांभाळून घेतो.

दुसऱ्या टप्प्यात ‘कभी कभी’चे शीर्षकगीत घ्यायला हरकत नाही. खय्याम यांनी ते कविता वाचल्यासारखे बांधले आहे. लता मंगेशकर यांच्यासोबतचे ‘शोर’ (१९७२) मधील युगुलगीतही याच टप्प्यातले. जोडीदार असेल, तर अर्धा भार कमी होतो. मात्र युगुलगीतात दोघांची पट्टी बहुधा एकच असते. त्यामुळे स्केल ठरवताना दोघांनी मिळून गाऊन पाहावे.

सलिल चौधरी यांची गाणी मात्र ऐकायला सोपी आणि गायला अवघड आहेत. ‘आनंद’ (१९७१) मधले सांजवेळेचे गाणे असो किंवा ‘रजनीगंधा’चे, त्यांच्या चाली अनपेक्षित सुरांवर उडी घेतात. ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मधले शिवरंजनी रागावर आधारलेले गाणेही मोहात पाडते. ते संथ आहे, अंतऱ्यात वर जाते आणि प्रत्येक सूर स्थिर धरावा लागतो. वेगवान गाण्यात चूक वाहून जाते, संथ गाण्यात ती उघडी पडते. म्हणून संथ म्हणजे सोपे, हे गणित कराओकेत चुकीचे ठरते.

सर्वात मोठी चूक कोणती?

मुकेश गाताना मुकेश होण्याचा प्रयत्न करणे, ही ती चूक. अनेक जण नाक दाबल्यासारखा आवाज काढतात, शब्दांच्या शेवटी मुद्दाम कंप देतात. त्यामुळे घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो आणि लागत असलेला सूरही उतरतो. शिवाय श्रोत्यांना मूळ गाणे पाठ असते, तेव्हा नकलेची तुलना लगेच होते.

मुकेश यांनी स्वतः हीच चूक सैगल यांच्याबाबत केली होती आणि सोडलीही होती. आपल्या रोजच्या बोलण्याच्या आवाजात ओळ आधी वाचायची, मग त्याच आवाजात ती सुरावर ठेवायची. एवढे केले, तरी बेताचा गळा ऐकवतो.

अखेर कशी झाली?

१९७६ च्या उन्हाळ्यात मुकेश लता मंगेशकर यांच्यासोबत अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर होते. मुलगा नितीन मुकेशही बरोबर होते. २७ ऑगस्ट रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात कार्यक्रमाच्या दिवशीच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. पुढचा कार्यक्रम लतादीदी आणि नितीन मुकेश यांनी पूर्ण केला. लतादीदी त्यांचे पार्थिव घेऊन मायदेशी परतल्या. आपला आवाजच गेला, अशा शब्दांत राज कपूर यांनी दुःख व्यक्त केले. ‘कभी कभी’साठीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला आणि १९७८ च्या ‘सत्यम शिवम सुंदरम’मध्ये त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला.

लता मंगेशकर किंवा रफी यांच्या तुलनेत मुकेश यांनी बरीच कमी गाणी गायली. पण ती ऐकणाऱ्याला आपणही हे गाऊ शकतो, असे वाटते. गाण्यापासून दूर राहिलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा माइक येतो, तेव्हा त्याला हवा असतो तो एवढाच धीर. पुढच्या कार्यक्रमात नाव पुकारले गेले, तर आधी अंतरा तपासा, स्केल दोन पायऱ्या खाली आणा आणि आपल्याच आवाजात गा.